शिंगाळ्याच्या काट्यातली वाचा

शेवट वळखून दावा. वळखला, तर चिलीम तुमची. न्हाई वळखनार. सटवाजीलाबी न्हाई वळखला, आन् त्यो तर गोष्टीतच व्हता.

एका राज्यात एक नदी व्हती, अशी रुंद की पल्याडचा हत्ती मुंगीएवढा दिसावा. पान्यात मिशाळ शिंगाळे मासे, काठाला जाळीवाल्यांची वस्ती. पन रीत अशी, की हंगामाला राजानं काठावर येऊन 'टाका' म्हनावं, मगच जाळी पान्यात पडायची. एका जादूगारानं राजाची वाचाच पळवली. राजा मुका झाला, जाळी वाळत पडली, वस्तीच्या चुली थंडावल्या.

तवा एक खंड्या पक्षी सटवाजी जाळीवाल्याच्या होडीवर बसला आन् बोलला, "राजाची वाचा डोहातल्या म्हाताऱ्या शिंगाळ्याच्या पाठीच्या काट्यात हाय. तीन कामं कर. बायकोच्या केसांचं जाळं कर. मासा जित्ता आन. काटा राजाच्या हातानं मोडू दे. दुसऱ्यानं मोडला, तर त्या दुसऱ्याची वाचा राजाला जाईल."

सटवाजी मुलखाचा संशयी. "यात तुला काय मिळनार?"

"तुमच्या जाळ्यातनं सांडलेलं," खंड्या म्हनला.

बायकोनं, येसूनं, कुरकुर न करता केस कापून दिले. तवा सटवाजीला वाटलं, हिचं आतल्या आत कायतरी शिजतंय. वल्ह्याला चुलतभाऊ लखू घेतला. त्यो गप बसला की संशय, बोलला की दुप्पट संशय.

डोहात जाळं टाकलं. रेड्याएवढा शिंगाळा गुतला, पाठीचा काटा जाळ्यात अडकून बसला. लखू मदतीला सरकला.

"हात मागं," सटवाजी म्हनला. "तुला राजाच्या तोंडानं बोलायचंय."

"दादा, मला वल्हं मारायचंय."

सटवाजीनं लखूवरचा डोळा हलू दिला न्हाई आन् चाचपडत मासा सोडवायला घेतला. आता जाळीवाल्याचा हात त्यो. जाळं फाटू नये म्हनून जल्मभर शिंगाळा घावला की आधी पाठीचा काटा मोडायचा. डोळा लखूवर ऱ्हायला, हातानं आपलं काम केलं. कट्.

सटवाजीनं तोंड उघडलं, नुसता वारा आला. तिकडं राजवाड्यात राजा खाकरला. काठावर येऊन सटवाजीच्या घोगऱ्या आवाजात म्हनला, "टाका."

शाप फिटला. टोपल्या भरल्या, परमुलखातले व्यापारी मिठाच्या होड्या घेऊन आले, चुली पेटल्या.

आता नवऱ्याचा आवाज ऐकावा वाटला, की येसू भाकर बांधून दरबाराच्या दाराशी जाऊन बसती. आतनं त्यो आवाज न्याय देतो, शेतसारा सांगतो, प्रधानाला झापतो. ती सांजपतुर ऐकती. तिचं नाव काय त्यो घेत न्हाई.