राखणदाराच्या मागून

पूर्वी समुद्रकाठच्या वेलाकूल नगरात राजा विजितसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका राखणदाराच्या कुळात जन्मला होता. सोमिल हे त्याचे नाव. नगराच्या पश्चिमेला वाळूच्या टेकड्यांवर गवताळ माळ होता आणि राजाच्या आजोबांनी त्याला अभय दिले होते. तेथे कोणी गुरे घालीत नसे, विळा चालवीत नसे. मर्यादवेलीच्या जांभळ्या फुलांनी वाळू झाकून जाई आणि चैत्रात टिटव्या व चंडोल जमिनीवरच अंडी घालीत. या माळाची राखण सोमिल करी.

एका चैत्रात राजाला ती फुले पाहावीशी वाटली आणि मार्गाधिकारी पिंगलकाची झोप उडाली. राजाची वाट आधी कापून, बडवून सपाट करायची आणि राजाच्या पुढे कोणी पाऊल टाकायचे नाही, असा तेथला रिवाज होता. जो टाकील त्याचे पाय तोडीत. आधीच्या मार्गाधिकाऱ्याच्या वेळी राजाच्या टाचेत एक सराटा रुतला होता. तो अधिकारी बिचारा देशोधडीला लागला. दुधाने तोंड पोळले त्याचे, पण तेव्हापासून ताक फुंकून पीत होता पिंगलक.

आदल्या दिवशी तो चाळीस गवतकापे घेऊन माळावर आला. सोमिलाने विनवले, की विळे लावण्याआधी एकदा माझ्या मागून चालून पाहा, पण माझ्या पावलातच पाऊल ठेवा. पिंगलक कुरकुरत निघाला. थोड्या अंतरावर सोमिलाने बोट दाखवले. पिंगलकाच्या अंगठ्यापाशी वाळूच्याच रंगाची चार अंडी होती. त्याला ती दिसलीच नव्हती. उचललेला पाय त्याला खाली टेकवेना.

"चाळीस माणसांना तरी कुठली दिसणार, स्वामी?" सोमिल म्हणाला. "पायाखाली फुटल्याचा आवाज येईल, तेवढेच."

"मग महाराजांनी चालायचे कसे?"

"असेच. माझ्या मागून."

पिंगलकाने माणसे परत पाठवली, लगेच पस्तावला, त्यांना बोलवायला धावला आणि अर्ध्या वाटेवरून पुन्हा मागे फिरला. त्या दिवशी त्याला घास गेला नाही.

सकाळी राजा आला. गवत जसेच्या तसे उभे पाहून त्याच्या कपाळाला आठी पडली. तेवढ्यात सोमिल हात जोडून राजाच्या पुढे झाला आणि सैनिकांनी त्याला धरले. हे कोणाच्या आज्ञेने, असे राजाने विचारले. सोमिल दोष स्वतःवर घेणार, हे पिंगलकाने ओळखले. तो पुढे झाला.

"माझ्या आज्ञेने, महाराज," तो म्हणाला आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकला. "पादुका काढून दहा पावले याच्या पावलात पाऊल ठेवून यावे. नाही पटले, तर पाय माझे तोडावेत."

राजाला त्या थरथरत्या माणसाचे नवल वाटले. त्याने सोमिलाला सोडायला लावले आणि पादुका काढल्या. पिंगलक एकेक पाऊल मोजत राहिला. नवव्या पावलाला राजा थांबला आणि पिंगलकाने डोळे मिटून घेतले.

हाताच्या अंतरावर एक टिटवी अंड्यांवर बसली होती. शंभर पावलांवरून माणसावर ओरडणारा तो पक्षी, पण जागचा हलला नाही. ही उडत कशी नाही, असे राजाने हलक्या आवाजात विचारले.

"रोज याच जागी ही पावले पडतात, महाराज. यांचे तिला कधी भय वाटले नाही," सोमिल म्हणाला.



"मी आलो की सगळे उठून उभे राहतात," राजा म्हणाला. "बसून राहिलेले कोणी आज पहिल्यांदा पाहिले."

त्या दिवसापासून या माळावर राजानेही राखणदाराच्या मागून चालावे, असा नियम झाला. पिंगलक घरी गेला, ओट्यावर बसला आणि आपल्या दोन्ही पायांकडे पाहत राहिला.

एवढे सांगून शास्ता म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आजचा भिक्खू आनंद. एकदा मांडलेली आसने पुन्हा पुन्हा सारखी करणारा आपला घाबरट सुदंत, तोच पिंगलक. राखणदार तर मीच होतो. त्या पक्ष्यांवर माझे प्रेम होते आणि मला भीती नव्हती. सुदंत भीतीने कापत होता, तरी पुढे झाला. मैत्री पारमिता, म्हणजे जीवमात्रावरच्या मायेची पूर्णता, त्या दिवशी माझ्यापेक्षा त्याची मोठी ठरली."