बिनफटीचा मोर

"जोड दिसतोय का कुठं, महाराज?"

पद्माकरने पुठ्ठा आत्मगिरी महाराजांसमोर धरला.

तीन महिन्यांपूर्वी महाराजांनी त्याला रद्दीचं गाठोडं दिलं होतं. जुन्या लग्नपत्रिका, उदबत्तीची खोकी, हँडबिलं. "तुकडे काप. काळ्या पुठ्ठ्यावर मोर चिकटव, फरशीच्या तुकड्यांचा वाटला पाहिजे. तो भिंतीवर चढला की तुला अनुग्रह."

त्या अनुग्रहासाठी पद्माकर दोन वर्षं मठात झाडलोट करत होता.

बाकीचे शिष्य दोन तुकड्यांत गव्हाच्या दाण्याएवढी फट सोडत. पद्माकरला तो गबाळेपणा वाटे. त्याने पट्टी लावून, ब्लेडने कापून, कडेला कड भिडवली होती. काळा पुठ्ठा म्हणून कुठे दिसू दिला नव्हता. गडी स्वतःवर भलताच खूश होता.

"नाही दिसत," महाराज म्हणाले.

"मग भिंतीवर..."

"लाव की."

पद्माकरने खिळा ठोकून मोर टांगला. तेवढ्यात गावातल्या सोनाक्का दर्शनाला आल्या. त्या थेट मोराजवळ गेल्या आणि पुठ्ठ्याची खालची कड उचलून मागे बघू लागल्या.

"काय शोधताय, आक्का?"

"तारखा कुठं हायती? येकादस कवा हाय ते बघत हुते. क्यालिंडर न्हवं का ह्ये?"

पद्माकरचं तोंड एवढंसं झालं.

"महाराज, हे नऊशे तुकडे आहेत! एकेक हातानं चिकटवलाय."

"सांग त्यांना."

"सांगून काय उपयोग? दिसायला नको?"

महाराज उठले.

तांब्यात बोट बुडवून त्यांनी मोराच्या डोळ्याच्या जागचा निळा तुकडा भिजवला. खळ सुटेपर्यंत थांबले. मग नखाने तुकडा उचकटला. खालचा काळा पुठ्ठा उघडा पडला.

"अहो महाराज! हे काय केलंत?"

सोनाक्का दोन पावलं मागे सरल्या.

"आगं बया... ह्यो तर माज्याकडंच बघाय लागला!"

पद्माकरने मोराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मोर खरंच बघत होता, आणि पद्माकरला त्याचंच वाईट वाटलं. तरी विचारल्यावाचून राहवेना.

"आणि... माझा अनुग्रह, महाराज?"

महाराजांनी तो ओला तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला.

"देतो की. पण तो तुझ्यात शिरणार कुठून?"