लेन्सबाई आणि बॅगेतले दांडे

लग्नाचं शूटिंग कॅसेटवर व्हायचं, तेव्हाची गोष्ट. मुरारभाऊंच्या व्हिडिओ कॅमेऱ्याला अडॅप्टर लावून एक जाडजूड लेन्स जोडलेली असे. तिला खालून दोन दांडे तोलून धरत, पण लेन्सबाईंना त्यांची लाज वाटे.

"तुम्हाला दिसत तर काही नाही. मग चारचौघांत मिरवता कशाला?"

"बरं बाई," म्हणत दांडे एका लग्नाच्या दिवशी कॅमेऱ्याच्या बॅगेच्या तळाशी दडून बसले. घाईत भाऊंनीही त्यांना शोधलं नाही. कॅमेरा स्टँडवर लावून ते अक्षता टाकण्यात दंग झाले.

इकडे मंगलाष्टकं सुरू झाली आणि स्वतःच्याच वजनानं लेन्सबाईंची मान खाली झुकत गेली. अंतरपाट दूर झाला, गळ्यात हार पडले. बाईंना दिसले फक्त भटजींचे पाय.

पुढच्या लग्नात बाईंनीच बॅगेत हाक मारली, "दादांनो, उठा! मुहूर्त जवळ आला."

"का हो बाई," दांडे म्हणाले, "आज भटजींच्या पाया नाही पडायचं?"