हातचा कोणी पळवला?

चाळीस पाट्या, चाळीस पोरं, आणि चाळीसही उत्तरं चूक! चूक तरी वेगवेगळी असावी? छे! अठ्ठेचाळीस अधिक सदतीस म्हणजे पंच्याऐंशी, हे शेंबडं पोरही सांगेल. पण सगळ्या पाट्यांवर पंच्याहत्तर!

परीक्षा बघायला आलेले राजे रणधवल भडकले. पाढे तीसपर्यंत घडाघडा, वजाबाक्या बिनचूक, आणि या एकाच बेरजेत सगळे आडवे?

"ही नक्कल आहे, पंतोजी! एकानं चुकवलं, बाकीच्यांनी उतरवलं. तो चोर आत्ता हजर करा, नाहीतर आजपासून शाळेला कुलूप!"

पोरं शपथा घेऊ लागली. चोर असेल तर सापडणार ना!

शाळेत सारवण करणारी गोजरा शेणाचे हात धूत पुढे आली. जीभ तिची धारेची, आणि भीती म्हणाल तर नावाला नाही.

"चोर मी दाखवते, महाराज. पण आधी एक बेरीज तुम्ही करायची. पोरांसारखी, बोटांवर हातचा धरून."

"मी?" राजे हसले. "सांग!"

"सदुसष्ट अधिक अठ्ठावीस."

"सात न् आठ पंधरा. पंधराचे पाच, हातचा एक," म्हणत राजांनी एक बोट ताठ धरलं.

तोच गोजरा ओरडली, "पोरांनो, बोला, महाराजांचा विजय असो!"

चाळीस पोरांनी एका दमात जयजयकार करून हात जोडले. राजांनी सवयीनं पंजा उघडून आशीर्वाद दिला आणि पुढची बेरीज केली, "सहा न् दोन आठ. पंच्याऐंशी!"

मागच्या ओळीतली एक चिमुरडी खुदकन हसली. "पंच्याण्णव, महाराज!"

राजे आपल्या उघड्या पंजाकडे बघतच राहिले.

"अगं, माझा हातचा गेला कुठं?"

"तुमचा आशीर्वादात गेला, महाराज, आणि पोरांचा नमस्कारात!" गोजरा म्हणाली. "ती बेरीज अर्ध्यावर होती, तेवढ्यात तुतारी वाजली आणि तुम्ही आत आलात. पोरं शहाण्या घरची, बोटं सोडून हात जोडले बिचाऱ्यांनी! आता चोर कोण, ते मी कशाला सांगू?"

पंतोजींनी डोळेच मिटून घेतले. संपलं सगळं!

पण राजे असे हसले, असे हसले, की पागोटं सावरता सावरेना. त्यांनी पंतोजींना शाल दिली, पोरांना पेढे वाटले आणि गोजराच्या हातात सोन्याच्या पाटल्या चढवल्या.

"आणखी काही हवं असेल तर माग, गोजरा!"

"एवढंच करा, महाराज. पुढच्या परीक्षेला याल, तर पाट्या पालथ्या झाल्यावर या!"