म्हसू आणि सुलक्षणाचा शेवटचा आठवडा

एका गावात म्हसू नावाचा एक भोळा गडी होता. गाव डोंगराच्या पोटात. मोबाईलला रेंज हवी तर टेकडीवर चढायचं, आणि टीव्ही बघायचा तर हौसाआत्याच्या घरी जायचं. हौसाआत्या म्हणजे म्हसूची सख्खी आत्या. आईबाप गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं. अंगानं तो चांगला बैलासारखा वाढला, डोक्यानं वाढायचं तेवढं राहून गेलं. सांगितलेलं काम मात्र तो कधी टाळत नसे. तीच तर पंचाईत होती.

आत्याचा टीव्ही जुना, खोक्याचा. रोज संध्याकाळी साडेसातला त्यावर 'सुलक्षणाचा संसार' लागायचा. अकरा वर्षं लागत होता. तेवढ्या वर्षांत सुलक्षणाचा चेहरा दोनदा बदलला, तिच्या नवऱ्याची आठवण तीनदा गेली, आणि तिचा एक दीर चपला घालायला म्हणून आत गेला तो परत बाहेर आलाच नाही. बायका त्याचीही वाट बघत होत्या.

आणि एक दिवस टीव्हीनंच सांगितलं, की येत्या शनिवारी मालिका संपणार.

"एका आठवड्यात?" आत्या म्हणाली. "एक मंगळागौर दोन महिने दाखवत होते मेले! आता पोर कुणी पळवलं, सासूनं विष कुठं ठेवलं, नवऱ्याला आठवणार कधी, सगळं सहा दिवसांत उरकणार?"

त्यात सुतारांच्या घरी लग्न निघालं. सोमवारी हळद, मंगळवारी अक्षता. मुहूर्त काढणाऱ्यानं पंचांग बघितलं, टीव्ही बघितला नाही. सगळ्या बायकांना हळदीला जाणं भाग होतं. निघताना आत्यानं म्हसूला टीव्हीपुढं बसवलं.

"म्हसू, आम्ही येईस्तवर डोळ्यांत तेल घालून बघ. आणि आल्यावर मला सगळं सांग."

"होय आत्ये."

बायका हळद लावून पळत परत आल्या. म्हसू जमिनीवर लोळत होता.

"काय झालं रं?"

"झोंबलं."

"कुणाला?"

"मला. करडईचं होतं."

आत्यानं त्याचे डोळे धुतले. "अरे येड्या, तेल घालून म्हणजे नीट लक्ष देऊन! उद्या डोळे उघडे ठेव, कान उघडे ठेव, आणि टीव्हीतनं येईल तो शब्दन् शब्द ध्यानात धर. एकपण सोडायचा नाही."

मंगळवारी म्हसूनं एकपण सोडला नाही. अक्षता टाकून आलेल्या बायका त्याच्याभोवती बसल्या, आणि तो घडाघडा म्हणू लागला.

"सासू म्हणाली, सुलक्षणा, मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवलीय. सुलक्षणा म्हणाली, कोणती, आई? सासू म्हणाली, हट्टी डाग! एका धुण्यात गायब! मग नवरा आला. तो म्हणाला, मला काहीच आठवत नाही, पण गुडघे फार दुखतात. चोळा, फक्त सात दिवस चोळा. मग सुलक्षणा रडली. तिच्या दातांत किडा होता."

 शेजारच्या शेवंताकाकूच्या डोळ्यांत पाणी आलं. "बिचारीच्या मागं आता दातांचंबी लागलं का?"

"थांब गं," आत्या म्हणाली. "म्हसू, तू जाहिरातीपण ध्यानात ठेवल्यास होय? अरे, त्या मधे मधे येतात. मधे येईल ते सोडून द्यायचं असतं!"

"मधे येईल ते सोडून द्यायचं. होय आत्ये."

बुधवारी दुपारी म्हसू डोक्यावर दळण घेऊन गिरणीकडं निघाला. बोळात शेवंताकाकूच्या शेळ्या बांधलेल्या होत्या, अगदी रस्त्याच्या मधे. म्हसूनं दळण खाली ठेवलं आणि एकेक दावं सोडून दिलं. पुढं मधे कोंबड्यांचा खुराडा आला, तोही सोडला. मधे कुंभाराचं गाढव आलं. तेही.

कोंबड्या परत आल्या, गाढव कुंभारानं शोधून आणलं. शेळ्या मात्र आत्याच्या घरावर चढल्या. संध्याकाळी साडेसातला बायका बसल्या, सुलक्षणानं पदर सावरला, सासूनं कपाटाला किल्ली लावली, आणि एका शेळीनं वर छतावरच्या अँटेनाला अंग घासलं. पडद्यावर नुसत्या मुंग्या. आवाज येत होता तेवढा. कपाट उघडल्याचा आवाज आला. सुलक्षणा किंचाळल्याचा आवाज आला. कपाटात काय होतं ते कुणालाच दिसलं नाही.

शेवंताकाकूनं म्हसूचा कान धरला. "माझी जनावरं सोडलीस होय रं? सुटलेलं दिसलं की आधी धरावं आणि खांबाला बांधावं, एवढीपण अक्कल नाही?"

"सुटलेलं दिसलं की धरायचं आणि बांधायचं. होय काकू."

गुरुवारी संध्याकाळी म्हसू शाळेवरनं चालला होता. आतून घंटा झाली आणि पोरं ओरडली, "शाळा सुटली! शाळा सुटली!"

म्हसूनं खांद्यावरचा दोर काढला. फाटकातून सगळ्यांत आधी कोण बाहेर पडलं, तर शिरतोडेगुरुजी, तेही धावत. म्हसूनं त्यांना कवेत धरलं, कडुलिंबाखाली नेलं आणि बुंध्याला बांधलं.

"अरे सोड! काय करतोस हे?"

"सुटलेली धरतोय."

"कोण सुटलीय?"

"शाळा."

"मी शाळा आहे का, गाढवा?"

म्हसूनं विचार केला. "तुम्हीच की. तुम्ही नसला की सुट्टी असती."

"अरे पाच वाजले! माझा भाग चालला निघून!"

शेतातून परतणाऱ्या बायका तिथंच थांबल्या. आत्या पुढं आली. "कसला भाग, गुरुजी?"

 दर पालक सभेत गुरुजी सांगायचे, की असल्या मालिका बघून मेंदूला गंज चढतो. आता लिंबाला बांधलेल्या माणसाला फार वेळ खोटं बोलता येत नाही. मान खाली घालून ते म्हणाले, "आदल्या दिवशीचा भाग दुसऱ्या दिवशी पाचला परत लागतो."

"परत लागतो?" आत्याचा आवाज चढला. "म्हणजे आम्ही धारा टाकून, भाकऱ्या करपवून साडेसातला पळायचो, आणि तुम्ही हे अकरा वर्षं पोटात ठेवलंत?"

"लोक काय म्हणतील म्हणून..."

"आता सुटायचं असंल तर आधी कपाटात काय होतं ते सांगा."

पण बुधवारचा भाग गुरुजींनी तरी कुठं बघितला होता? तोच बघायला तर ते धावत होते. मग त्यांना सोडलं, आणि सगळी वरात शाळेमागं त्यांच्या खोलीवर, लपवून ठेवलेल्या टीव्हीपुढं गेली. कपाटात दुसरं कपाट होतं. त्याची किल्ली सापडत नव्हती.

"मेल्यांनो!" सगळ्या एकदम म्हणाल्या. गुरुजीसुद्धा.

निघताना त्यांनी मनगटं चोळत म्हसूला जवळ बोलावलं. "म्हसोबा, माणूस तोंडानं काही मागत असला ना, की ते पटकन करावं. का आणि कशाला विचारत बसू नये."

"होय गुरुजी."

आत्याचा अँटेना एव्हाना सरळ केला होता, पण शुक्रवारचा भाग सगळा जुन्या आठवणींत गेला. सुलक्षणा खिडकीत उभी राहून तिसऱ्या वर्षाची दिवाळी आठवत होती. बायकांनी टीव्हीला चप्पल मारायचं तेवढं बाकी ठेवलं.

आणि शनिवार आला. आत्याच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मालिका सुरू झाली तशी आत्यानं टीव्हीपुढं हात जोडले.

"एवढी वर्षं रडवलंस रे बाबा. आता शेवट तरी गोड कर!"

"होय गं बाई," शेवंताकाकू म्हणाली. "शेवट गोड झाला पाहिजे."

म्हसूनं ऐकलं. माणसं तोंडानं मागत होती. त्यानं का विचारलं नाही, कशाला विचारलं नाही. तो स्वयंपाकघरात गेला, काकवीची बरणी उचलली, टीव्हीच्या मागं आला आणि मागच्या भोकांतून सगळी काकवी आत ओतली. तळाची बोटानं निपटून ओतली.

पडद्यावर सुलक्षणा म्हणत होती, "आज मी सगळं सांगणार आहे. ते बाळ..."

फस्स झालं. काळोख झाला. घरभर जळलेल्या गुळाचा वास सुटला.

"म्हसू! काय केलंस?"

"गोड केला शेवट."

 एकेक करून बायका उठून गेल्या. आत्या मात्र तशीच बसून राहिली, काळ्या पडद्याकडं बघत. तिनं म्हसूला मारलं नाही, शिवी दिली नाही, चूलसुद्धा पेटवली नाही. 

"आत्ये, मार तरी मला."

"मारून काय करू, लेकरा?" ती म्हणाली. "उद्या गुरुजींकडं परत लागंल, तेव्हा बघू. पण एक ध्यानात ठेव. टीव्ही बघताना आम्ही बायका काहीबाही बोलतो, ओरडतो. ते तुला नसतं. ते त्यातल्या माणसांना असतं. आम्ही कितीही बोंबललो तरी तू जागचं हलायचं नाही. बास."

"जागचं हलायचं नाही," म्हसू म्हणाला. झोप लागेपर्यंत तो तेच म्हणत होता. या वेळी त्याला आत्याला खूश करायचंच होतं.

रविवारी पाचला झाडून सगळ्या बायका गुरुजींच्या खोलीत शिरल्या. दाराला आतून कडी नव्हती. वाऱ्यानं दार उघडायचं, उजेड पडद्यावर पडायचा आणि काही दिसायचं नाही. आत्या म्हणाली, "म्हसू, बाहेरनं कडी घाल आणि इथं पायरीवर बस."

म्हसूनं कडी घातली. पायरीवर बसला.

आत भाग रंगात आला. सुलक्षणाच्या नवऱ्याला सासूनं गोदामात कोंडलं होतं आणि सुलक्षणा बाहेर उभी राहून नुसतीच रडत होती. बायका ओरडू लागल्या, "अगं दार उघड! रडतेस काय, कडी काढ!"

म्हसूनं कान दिला. मग स्वतःशीच हसला. जागचा हलला नाही.

मग शेवटची वाजंत्री वाजली. "संपली?" कुणीतरी म्हणालं. "आणि दीर?" "आणि ते बाळ?" "गुंडाळली गं मेल्यांनी!" मग बराच वेळ शिव्या चालल्या. मग कुणाला तरी धारांची आठवण झाली.

"म्हसू, दार उघड."

म्हसू हलला नाही.

"म्हसू! कडी काढ!" दारावर थापा पडू लागल्या. आपल्या नावाचा माणूस मालिकेत आलेला बघून म्हसूला बरं वाटलं. शेवटच्या दिवशी का होईना.

"अरे म्हसोबा, उघड रे!" हा गुरुजींचा आवाज. गुरुजीपण पार रंगून गेले होते.

"मुडद्या, मी तुझी आत्या बोलतेय!" आत्याचा आवाज फाटला होता. म्हसूनं दोन्ही हातांनी पायरी घट्ट धरली. मोह होत होता, पण आज तो चुकणार नव्हता.

दिवस मावळला. गोठ्यांत गाई हंबरू लागल्या. घरात चूल नाही, बाई नाही, म्हणून गावातले पुरुष शोधत शोधत शाळेपर्यंत आले. आतून आरडाओरडा ऐकू येत होता. ते लांबच थांबले. मालिका चालू असताना मधे जायची कुणाची छाती नव्हती.

"म्हसू," शेवंताकाकूचा नवरा हळूच म्हणाला, "ही मालिका संपणार होती ना रं?"

म्हसूनं दाराकडं बघितलं. आतून सगळ्या बायका मिळून दारावर धडका देत होत्या.

"संपायची होती," तो म्हणाला. "पण वाढवली."

पुरुषांनी कपाळावर हात मारला आणि आपापल्या घरी भाकरी थापायला गेले.