भेकराची सजवलेली ओळख

रानात माणसाची पायवाट पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. चितळांच्या कळपाला पाणवठ्यावर पहारेकरी हवा होता.

"बिबट्या दिसला की मला भुंकता येतं," भेकर नावाचं लहानसं हरीण म्हणालं.

"एवढंच?" म्हाताऱ्या चितळणीने तोंड फिरवलं.

हिरमुसलेलं भेकर भृंगराजाकडे गेलं. हा पक्षी साऱ्या रानाचे आवाज काढायचा आणि ज्याला हवी त्याला ओळख सजवून द्यायचा.

"देतो की! मोबदल्यात तुझं भुंकणं दे. अशी ओळख असल्यावर ते कशाला लागतंय तुला?"

भेकराने दिलं.

सकाळी त्याने कळपाला ऐकवलं, "वाऱ्याच्याही आधी धोका ओळखणारा, कळपावरून जीव ओवाळून टाकणारा पहारेकरी मी!" कळप भारावला. काम तिथल्या तिथे मिळालं.

तिन्हीसांजेला गवत हललं. गवतात बिबट्याचे डोळे होते. भेकर जिवाच्या आकांताने ओरडलं, पण तोंडातून निघालं, "वाऱ्याच्याही आधी धोका ओळखणारा..."

"कळलं रे बाबा, किती वेळा सांगशील?" पाण्यातून तोंड न काढताच चितळीण म्हणाली.

भेकर तेच म्हणत राहिलं, आणि बिबट्याने कळपावर झेप घेतली.

पाणवठा अगदी शांत झाल्यावर वरच्या फांदीवरून भुंकणं ऐकू आलं. हुबेहूब भेकराचं.