नजरेच्या टप्प्यातला जोडीदार

एकदा एक तरुण मॉर्मन पंथाचा प्रचारक होण्यासाठी घर सोडून प्रशिक्षण केंद्रात दाखल झाला. या ख्रिस्ती पंथातली मुले ऐन विशीत घरदार मागे ठेवून परक्या गावी जातात आणि दारोदार फिरून आपली श्रद्धा लोकांना सांगतात. त्याआधीचे काही आठवडे कडक शिस्तीचे. सकाळी साडेसहाला उठायचे, पांढरा सदरा, टाय आणि छातीवर काळी नावपट्टी लावून दिवसभर अभ्यास करायचा. प्रत्येकाला एक जोडीदार नेमून दिलेला असतो. न्हाणीघर सोडले तर तो सदैव आपल्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात असलाच पाहिजे, हा तिथला सर्वांत मोठा नियम.

आमच्या तरुणाने तो तंतोतंत पाळला. मला त्याचा संताप येतो तो इथूनच.

जोडीदार दूरच्या डोंगराळ मुलखातला होता. मराठी नव्यानेच शिकत होता, त्यामुळे दर वाक्यात अडखळायचा. तरुणाला तेवढाही धीर नव्हता. जोडीदाराने तोंड उघडले की उरलेले वाक्य हाच घाईघाईने पुरे करून टाकायचा. आठवड्यातून एकदा दोघांनी समोरासमोर बसून एकमेकांची विचारपूस करायची, अशी तिथली रीत होती. तरुण म्हणायचा, "आपलं काय, सगळं ठीकच आहे," आणि तो वेळही पाठांतरात घालवायचा. दर सोमवारी घरी फोन करायची मुभा असे. जोडीदार आपल्या भाषेत बोलत असताना हा शेजारच्या खाटेवर कानांत बोटे घालून प्रचाराचा धडा घोकायचा.

सरावासाठी केंद्रात एक खोली होती. आत एक वृद्ध बसत. तरुणपणी ते स्वतः दारोदार फिरले होते. मुलांनी बाहेरून दार वाजवायचे, वृद्धांनी घरमालक म्हणून दार उघडायचे आणि मुलांनी त्यांना धडा सांगायचा. त्यांनी होकार दिल्याशिवाय कोणालाही प्रचाराला पाठवत नसत.

पहिल्या सरावात वृद्ध म्हणाले, "या, बसा. घर जरा पसरलेलं आहे. गेल्या महिन्यात माझी बायको वारली."

"ऐकून फार वाईट वाटलं," तरुण म्हणाला आणि पुढच्याच श्वासात त्याने धडा सुरू केला. एकही शब्द चुकला नाही. मधेच जोडीदाराने विचारले, "त्यांचं... त्यांचं नाव..." तरुणाने त्याला कोपराने ढोसले.

बाहेर आल्यावर तो त्याच्यावर डाफरला. "नाव काय विचारतोस? धड्यात आहे का ते? तुझ्यापायी मी इथेच सडणार आहे!"

त्या दिवशी जोडीदार जेवला नाही. तरुण त्याच्या शेजारीच बसून जेवला.

शेवटच्या सरावाचा दिवस उजाडला. तरुणाने दार वाजवले. वृद्धांनी दार उघडले, दोघांकडे नीट पाहिले, जोडीदाराचा हात धरून त्याला आत घेतले आणि तरुणाच्या तोंडावर दार लावून आतून कडी घातली.

तरुण आधी चकित झाला, मग भडकला. त्याने दारावर थापा मारल्या. "गुरुजी, दार उघडा! मी तीन आठवडे रात्रंदिवस मेहनत केली आहे!" मग त्याला आतून रडण्याचा आवाज ऐकू आला. जोडीदार मोडक्यातोडक्या मराठीत सांगत होता. आई रुग्णालयात आहे. दोन सोमवार झाले, ती फोनवर आलेली नाही. परत जावे की राहावे, कळत नाही. विचारायला कोणी नाही.

विचारायला कोणी नाही! आणि दोघांच्या खाटांमध्ये हातभराचे अंतर होते.

बऱ्याच वेळाने कडी निघाली. तरुणाला शरम वाटायला हवी होती, पण राग आधी आला. "तुम्ही नियम मोडलात! माझा जोडीदार माझ्या नजरेआड झाला!"

तेव्हा ते शांत वृद्ध कडाडले. "आज झाला? तीन आठवडे तो तुझ्या नजरेआडच आहे! त्याचे सुजलेले डोळे मला दारातून दिसले, तुला शेजारी झोपून दिसले नाहीत. नियम कशाला केला असेल रे? पहारा ठेवायला? परक्या गावात माणूस एकटा पडू नये, म्हणून केला. तू त्याच्याजवळ राहिलास आणि त्याला एकटं पाडलंस. उद्या लोकांच्या दारात जाऊन कोणत्या तोंडाने सांगणार की देव तुमचं ऐकतो?" त्यांनी आत बसलेल्या जोडीदाराकडे बोट केले. "आणि त्या दिवशी मी सोंग करत नव्हतो. माझी बायको खरोखरच गेली आहे. तिचं नाव विचारावंसं वाटलं ते यालाच."

तरुणाने मान खाली घातली.

"तुला मी होकार देणार नाही," वृद्ध म्हणाले. "याला घरी फोन लावून द्यायची परवानगी मी काढून ठेवली आहे. जायचं की राहायचं, ते तो ठरवेल. तोवर आत जा आणि त्याच्याजवळ बस. धडा बाहेर ठेवून जा."

तरुणाने हातातली वही उंबऱ्याबाहेर ठेवली. आत जोडीदार जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता. तरुण त्याच्यासमोर मांडी घालून बसला. काय बोलावे ते कोणत्याच धड्यात नव्हते.

"तुझ्या आईचं नाव काय?" अखेर त्याने विचारले.

जोडीदाराने नाव सांगितले. मग आणखी काही सांगू लागला आणि अडखळला. शब्द त्याला काही केल्या सापडेना. तरुणाला तो शब्द माहीत होता.

या वेळी तो गप्प राहिला आणि वाट पाहत बसला.